नकाशा फुकट, छपाईला चटका

माउंट मार्सीला दोनदा जाऊन आल्यावर डोक्यात आलं, शंभर वर्षांपूर्वी हा डोंगर कागदावर कसा काढला असेल? तो आहे न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक पार्कात, आणि त्या भागाचे जुने नकाशे यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, ‘टोपोव्ह्यू’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात. जागा शोधायची, वर्ष निवडायचं, उतरवून घ्यायचं. जेपीजी नुसतं बघायला ठीक. आजच्या नकाशावर बसवून बघायचा असेल तर जिओटिफच घ्या, त्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही असतात.

मी घेतला मार्सीचा जुना, पंधरा मिनिटांचा. (अक्षांश-रेखांशाची मिनिटं, घड्याळाची नव्हेत. घरी खुलासा करावा लागला.) प्रमाण १:६२,५००, म्हणजे एका इंचाला जवळजवळ एक मैल. मार्सी आणि हेस्टॅकच्या मधल्या पँथर गॉर्जपाशी तपकिरी समोच्च रेषा इतक्या खेटून आल्यात की भिंगाशिवाय सुट्या दिसत नाहीत. मार्सीच्या कुशीत बाजरीच्या दाण्याएवढा निळा ठिपका आहे, तो लेक टिअर ऑफ द क्लाउड्स, हडसन नदीचा उगम. १८७२ मध्ये वरप्लँक कोल्विन हा सर्वेक्षक तिथे पोचला. पुढे १८७५ मध्ये त्याने टप्प्याटप्प्याने लेव्हल घेत (म्हणजे दर टप्प्याला उंचीतला फरक मोजत) मार्सीचा माथा गाठला आणि उंची काढली ५,३४४ फूट. आजही तोच आकडा चालतो!

सगळ्याच डोंगरांचं असं झालं नाही. चार हजार फुटांवरची म्हणून ४६ शिखरांची जी यादी इथले ट्रेकर पुरी करतात, ती जुन्या मोजणीवर बेतलेली. नंतर त्यातली चार बुटकी निघाली. कूचसाक्रागा तर ३,८२० फूट. तरी यादीतून कोणी काढलं नाही, आणि लोक गुडघाभर चिखल तुडवत तिथे जातातच. मीही गेलो, आणि वर पोचल्यावर दिसलं काय, तर झाडं.

वाटांसाठी मात्र या नकाशावर विसंबू नका. त्यातल्या कित्येक वाटा आज त्या जागी नाहीत.

आता रडगाणं. भिंतीवर लावायला एका दुकानात छापून घेतला. कागद झकास, शाई झकास. घरी येऊन मैलाच्या पट्टीला फूटपट्टी लावली तर मैल पाऊण इंचाचा! गड्याने न विचारता ‘पानात बसवा’ दाबलं होतं. पैसे परत नाहीत. दुसरीकडे छापला तेव्हा फूटपट्टी खिशात घालूनच गेलो, आणि मोजून झाल्यावरच पाकीट काढलं.