डिस्क, रॅम की मोबाइल? डिजिटल फॉरेन्सिक्सच्या पोस्टरसाठी विषय निवडताना

डिजिटल फॉरेन्सिक्स म्हणजे संगणक, मोबाइल यांतून पुरावा शोधण्याचं शास्त्र. त्यावरच्या पोस्टर स्पर्धेत परीक्षक एका पोस्टरपुढे फार तर काही मिनिटं थांबतात. तेवढ्यात एक प्रश्न, एक प्रयोग आणि दुसऱ्याला करून पाहता येईल असा निकाल दिसायला हवा. ‘सायबर गुन्हे आणि आपण’ असला सर्वसमावेशक विषय तिथेच मार खातो. बहुतेकांची निवड पुढच्या तिघांत अडकते.

डिस्क: साधनं फुकट (ऑटोप्सी, एफटीके इमेजर), सरावाच्या इमेज (डिस्कच्या हुबेहूब प्रती) अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या सीएफरेड्स संग्रहात मिळतात. अडचण एवढीच की ‘डिलीट केलेली फाइल परत मिळवली’ हे सगळेच दाखवतात, आणि ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा रिकामी करण्याची सोय) चालू असलेल्या एसएसडीवर ते बहुधा जमतही नाही. त्यापेक्षा एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-व्यवस्थेतल्या वेळेच्या दोन नोंदींची तुलना घ्या: स्टँडर्ड इन्फर्मेशन आणि फाइल नेम. वेळ बदलणारी साधनं सहसा पहिलीच बदलतात. पण ‘दुसरी बदलताच येत नाही’ असं लिहू नका. फाइलचं नाव बदललं किंवा ती हलवली, तर पहिलीतल्या वेळा दुसरीत उतरू शकतात. जाणकार परीक्षक नेमकं हेच विचारतो.

रॅम: दिसायला सर्वांत प्रभावी. व्होलॅटिलिटी ३ या रॅम तपासणाऱ्या साधनात पीएसलिस्ट हे उपसाधन विंडोजची प्रोसेसची (चालू प्रोग्रॅमची) जोडयादी वाचतं, पीएसस्कॅन मात्र सगळी मेमरी चाळतं. जी प्रोसेस फक्त दुसऱ्यात दिसते, ती लपवलेली असू शकते. दोन याद्या शेजारीशेजारी छापल्या की लांबूनही फरक कळतो. घात होतो तो इथे: संपलेल्या प्रोसेसही पीएसस्कॅनमध्ये येतात. प्रोसेस संपल्याची वेळ भरलेली असेल तर ती ‘लपवलेली’ नव्हे. शिवाय ८ जीबी रॅमचा डंप (मेमरीची फाइलमध्ये काढलेली प्रत) साधारण तेवढाच मोठा होतो, आणि मेमरीतली रचना ओळखायला विंडोजच्या सिम्बॉल फाइल लागतात; त्या आधी उतरवून ठेवल्या नसतील आणि प्रयोगशाळेत इंटरनेट नसेल, तर काम तिथेच थांबतं.

मोबाइल: विद्यार्थ्यांनी हाच घ्यावा असं आमचं मत, पण खरा फोन उघडण्याच्या भानगडीत न पडता. अँड्रॉइड आणि आयफोनवरची बरीच अ‍ॅप माहिती एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसमध्ये ठेवतात, आणि तो प्रयोग साध्या लॅपटॉपवर होतो. एक टेबल करून ५ ओळी भरा, डेटाबेस वॉल (डब्ल्यूएएल) मोडमध्ये टाका (यात नवे बदल आधी वेगळ्या वॉल फाइलमध्ये जातात), बंद करून पुन्हा उघडा. १० ओळी भरा, मग त्यांतल्या ३ पुसा. डेटाबेस उघडा असतानाच मुख्य फाइल आणि तिची वॉल फाइल, दोन्हींच्या प्रती काढा आणि एसएचए-२५६ हॅश (फाइलची ठशासारखी ओळख) नोंदवा. फक्त मुख्य फाइल वाचली तर ५ ओळी दिसतात, वॉलसकट वाचली तर १२, आणि पुसलेल्या ३ ओळी फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये वॉलच्या जुन्या फ्रेममध्ये (बदलांच्या नोंदींत) सापडतात. तीन चौकटींत पोस्टर तयार. प्रत्येक वाचनाला नवी प्रत घ्या: डेटाबेस उघडून बंद केला की वॉलमधला मजकूर मुख्य फाइलमध्ये जातो आणि वॉल फाइल पुसली जाते. तपासात पुरावा नेमका असाच बिघडतो, त्यामुळे हा धोका पोस्टरवर ठळक लिहा.

व्यावसायिकांचं गणित वेगळं. त्यांच्याकडे अनुभव असतो, पण प्रकरणातला डेटा भिंतीवर लावता येत नाही. नावावर काळी पट्टी ओढून भागत नाही. पीडीएफमध्ये पट्टीखालचा मजकूर कित्येकदा तसाच राहतो. चाचणीचा डेटा स्वतः तयार करावा, किंवा पुरावा न्यायालयात मांडण्याच्या प्रक्रियेवर पोस्टर करावं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलेलं नसेल तर भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब(४)चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्याची जागा कलम ६३ ने घेतली. प्रमाणपत्राचे अ आणि ब असे दोन भाग झाले, ब भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश नोंदवण्याची जागा नमुन्यातच आली. जप्तीपासून ब भागापर्यंतचा प्रवास एका आकृतीत मांडणारं पोस्टर वकील, पोलीस दोघांनाही कामाचं ठरतं.

छपाईचं थोडक्यात. ए१ म्हणजे ५९४ × ८४१ मिमी. १५० डीपीआयला साधारण ३५०८ × ४९६७ पिक्सेल. टर्मिनलचे काळे स्क्रीनशॉट छपाईत गढूळ येतात. मजकूर पांढऱ्यावर काळा करून घ्या. मराठी पोस्टरची मूळ फाइल छापखान्यात देऊ नका, तिथे फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ द्या आणि आधी ए४ वर एक प्रत काढून वेलांट्या कापल्या जात नाहीत ना, ते पाहा.