कुलूप लावलेले कपाट आणि आमचे वाचनालय

वर्धा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी नऊ वर्षांपासून वर्गणीदार आहे. महिन्याला तीस रुपयांत एक पुस्तक व एक मासिक घरी नेता येते आणि मे महिन्यात कूलरसमोरच्या दोन खुर्च्या मिळाल्या तर वर्गणी तिथेच वसूल होते. वर्तमानपत्रे वेळेवर येतात, स्पर्धा परीक्षांचा विभाग तर उत्तमच आहे.

तक्रार आहे ती ग्रंथपालांच्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटाबद्दल. त्यात ठेवलेले विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक मागितले, तेव्हा त्यांनी दाखल नोंदवही उघडून त्या नावापुढे लाल शाईने लिहिलेले ‘देऊ नये’ हे दोन शब्द बोटाने दाखवले. कारण विचारल्यावर म्हणाले, “भाऊ, त्यावर बंदी होती नं. वरून कागद येईन तं देईन.”

1972 साली नाटकांना प्रयोगाची परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाशी वाद झाला होता तो त्या नाटकाच्या प्रयोगांवरून, आणि तो उच्च न्यायालयात प्रयोग करणाऱ्यांच्या बाजूने निकाली निघाला. छापील पुस्तकाचा त्याच्याशी संबंध नव्हता. मुळात पुस्तक जप्त करायचे तर राज्य सरकारला कारणांसह अधिसूचना काढावी लागते, आणि तिच्याविरुद्ध दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाता येते, जिथे तीन न्यायमूर्ती तिचा विचार करतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 95 व 96 मधील ही तरतूद 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 98 व 99 म्हणून आली आहे. ग्रंथपालांच्या लाल पेनाला मात्र ना कारण लागते, ना मुदत.

शिवाय ‘वरचा कागद’ वरही सापडतोच असे नाही. सलमान रश्दींच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीच्या आयातीवर 1988 साली बंदी आली. ती अधिसूचनाच सरकारला न्यायालयापुढे ठेवता आली नाही, तेव्हा ती अस्तित्वात नाही असे गृहीत धरावे लागेल, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले.

गंमत अशी की गांधीजींचे ‘हिंद स्वराज’ याच वाचनालयात उघड्या फळीवर आहे. 1910 साली मुंबई सरकारने ते जप्त केले होते, आणि 1919 च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी कायदा मोडण्यासाठीच ते मुंबईत भर रस्त्यावर विकले. चार आण्यांच्या त्या पुस्तकाचे एकाने पन्नास रुपये दिले होते. पुढे सरकारनेच सांगितले की ही नवी आवृत्ती असल्याने ती विकणे गुन्हा ठरत नाही. सेवाग्राम जवळ असल्यामुळे असेल, पण त्या नावापुढे लाल शाई नाही. (आमच्या जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे आणि दारू कुठे मिळते हे शाळकरी पोरगाही सांगतो. पुस्तकाची तेवढी सोय नाही.)

कार्यकारिणीकडे अर्ज दिल्यावर तीन आठवड्यांनी ‘इथेच बसून वाचावे’ अशी परवानगी मिळाली. पुस्तक कोरे करकरीत निघाले, काही पाने तर अजून एकमेकांना चिकटलेली होती. नोंदवहीतला शेरा तसाच आहे. कोणाला त्या कपाटातले काही हवे असेल, तर शनिवारी पाचच्या आत जावे, कारण त्यानंतर किल्ली ग्रंथपालांसोबत त्यांच्या घरी जाते.