ग्रंथालयासाठी नेटवर्किंग शिकायचंय: शहरातला क्लास, ऑनलाइन कोर्स की अडगळीतला जुना राऊटर?

शाळेत ग्रंथालयाचा प्रभार मिळाला की कपाटांच्या किल्ल्यांसोबत पाच-सात कम्प्युटर, एक स्विच (सगळ्या कम्प्युटरांच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) आणि वायरींचा गुंताही पदरात पडतो. तुम्ही इतिहास शिकवता की मराठी, याच्याशी त्या वायरींना काही घेणंदेणं नसतं. मग एक दिवस नववीतला पोरगा दारात उभा राहतो, "सर, नेट काहून चालून नाई राह्यलं जी?" आपण तालुक्याच्या दुकानदाराला फोन लावतो. तो "आलोच" म्हणतो आणि आठवड्यानं उगवतो. पाच मिनिटं काहीतरी काढतो, काहीतरी लावतो, पैसे घेतो. काय बिघडलं होतं ते मात्र सांगत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अर्धवेळ ग्रंथपाल आहे. या दुकानदाराच्या वाटेकडे डोळे लावून बसायचा कंटाळा आला म्हणून शिकायला निघालो, आणि तीन वाटांवर थोडं थोडं चालून आलो. तुम्ही त्याच फाट्यावर उभे असाल तर हा आढावा तुमच्यासाठी.

आधी गरज केवढी ते पाहा

आमच्याकडे बहुतेकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता: नेटवर्क म्हणजे इंटरनेट. गावात रेंज नाही, ग्रामपंचायतीपर्यंत आलेली फायबर शाळेपर्यंत पोचलेली नाही, मग शिकून करायचं काय? पण ग्रंथालयाचं निम्मं काम इंटरनेटशिवाय होतं. 'कोहा' हे ग्रंथालयाचं मोफत सॉफ्टवेअर एका कम्प्युटरवर बसवलं की बाकीच्या कम्प्युटरांवर ते ब्राउझरमध्ये उघडतं. 'किविक्स' वापरून मराठी विकिपीडियाची फाइल एकदा शहरातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणली की एका मशीनवरून ती सगळ्यांना वाचता येते. यासाठी खोलीतली मशीनं एकमेकांशी बोलली पाहिजेत, एवढंच. बाहेरच्या जगाशी नंतर बोलू.

म्हणजे शिकायचं काय? आयपी पत्ता (जाळ्यातल्या प्रत्येक मशीनचा आकडी पत्ता) म्हणजे काय आणि तो कोण वाटतो, स्विच आणि राऊटर यांत फरक काय, वायरीला जॅक कसा लावायचा, वायफाय भिंतीपलीकडे का मरतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बंद पडलं तर नेमकं कुठं बंद पडलं. सबनेटिंगची, म्हणजे पत्त्यांचे गट पाडण्याची, गणितं सध्या सोडून द्या. घरगुती राऊटरच्या १९२.१६८.१ च्या पट्ट्यात २५४ पत्ते मावतात. आपल्या ग्रंथालयात तेवढ्या खुर्च्याही नसतात.

शहरातला क्लास

यवतमाळ, अमरावती, नागपूर, कुठंही जा, 'हार्डवेअर अँड नेटवर्किंग' अशी पाटी दिसतेच. मी शनिवार-रविवारच्या एका क्लासला नाव घातलं. लालपरीनं जाऊन-येऊन दिवस संपायचा.

फायदा एक झाला आणि तो मोठा होता. वायरीला जॅक लावणं मी तिथं शिकलो. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम व्हिडिओत पाहून पाठ होतो, पण आठही तारा जॅकच्या टोकापर्यंत पोचल्यात की नाही हे कुणीतरी शेजारी उभं राहून "परत करा" म्हटल्याशिवाय कळत नाही. माझे पहिले सहा जॅक वाया गेले.

पुढं मात्र गाडी वेगळ्याच गावाला निघाली. असे क्लास बहुधा सीसीएनए या, नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या, परीक्षेकडे तोंड करून शिकवतात. त्या परीक्षेची फीच ३०० डॉलर आहे, आणि अभ्यासक्रम असतो मोठ्या ऑफिसांत नोकरी धरणाऱ्या पोरांसाठी. तिसऱ्या आठवड्यात आम्ही स्विचला कमांड देत होतो. आपल्या शाळेतल्या स्विचला कमांड देण्याची सोयच नसते. त्याला वायरीची भोकं आणि दिवे, एवढंच असतं. मी मधेच सोडलं. उरलेली फी परत मिळाली नाही, ती मागण्यात अजून दोन चकरा मात्र झाल्या. मुलाला या क्षेत्रात नोकरी करायची असेल तर त्याला जरूर पाठवा. तुम्ही स्वतः जाणार असाल तर आधी एकच विचारा: फक्त केबलिंगचे दोन-तीन दिवस शिकवाल का? काही जण तयार होतात.

सिस्कोचा फुकट कोर्स

सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचा 'नेटवर्किंग बेसिक्स' हा कोर्स घरी बसून होतो, पैसे लागत नाहीत आणि वीस-पंचवीस तासांत आटोपतो. इंग्रजी सोपं आहे. तरी 'डिफॉल्ट गेटवे' वाचून काही डोळ्यांपुढं येत नाही. गावाच्या वेशीवरचं दार म्हटलं की लगेच येतं. ही भाषांतरं आपली आपणच करत जावी लागतात. मी वहीत करत गेलो.

यातली खरी चीज म्हणजे 'पॅकेट ट्रेसर' हा प्रोग्राम. त्यात पडद्यावर कम्प्युटर, स्विच, राऊटर मांडायचे, वायरी जोडायच्या आणि निरोप कसा जातो ते पाहायचं. निरोप चक्क पाकिटाच्या रूपात एका यंत्रातून दुसऱ्यात सरकताना दिसतो, पोस्टमनसारखा. डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटणारा कारकून, हे मला क्लासमध्ये कळलं नव्हतं, ते इथं कळलं.

पण एका गोष्टीत या प्रोग्रामनं मला फसवलं. आमचे शिपाईमामा स्वच्छतेच्या बाबतीत फार काटेकोर. एकदा ग्रंथालय झाडताना त्यांना वायरीचं एक टोक लोंबताना दिसलं. त्यांनी ते स्विचच्या रिकाम्या भोकात खोचून दिलं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. झालं! एक निरोप त्या चक्रात शिरला की घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि सगळं जाळं गच्च होतं. सगळे दिवे एकसाथ वेड्यासारखे लुकलुकत होते आणि एकही कम्प्युटर दुसऱ्याला ओळखेना. दोन दिवस माझं डोकं चालेना. घरी पॅकेट ट्रेसरमध्ये मुद्दाम तसंच चक्र करून पाहिलं, दोन स्विचमध्ये दोन वायरी टाकल्या. काहीच बिघडलं नाही! एक दिवा नारिंगी झाला आणि बाकी सुरळीत. कारण त्या प्रोग्राममधले स्विच महागड्या जातीचे; असं चक्र ओळखून ते एक वाट स्वतःच बंद करतात. आपल्या स्वस्त स्विचला ती अक्कल नसते. म्हणजे कोर्सनं मला रोगाचं नाव शिकवलं, पण माझ्या पेशंटला तो रोग कसा दिसतो ते दाखवलं नाही.

अडगळीतला राऊटर

तिसरी वाट अशी की जुना वायफाय राऊटर, दोन कम्प्युटर आणि दोन वायरी घ्यायच्या आणि दार लावून बसायचं. इंटरनेट नकोच. राऊटर रीसेट करा, कम्प्युटर जोडा, त्याला कुठला पत्ता मिळाला ते पाहा. मग राऊटरमधली डीएचसीपीची सोय बंद करून कम्प्युटर परत चालू करा. आता पत्ता १६९.२५४ नं सुरू होतो. याचा अर्थ कम्प्युटरला पत्ते वाटणारा कुणी सापडला नाही आणि त्यानं स्वतःच एक ठोकून दिला. हा आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढं बिघाडाची निम्मी शोधाशोध वाचते. नंतर दोन्ही मशीनांना हातानं एकच पत्ता देऊन भांडण लावून बघा. पुढं जुन्या राऊटरचा पत्ता बदला, त्याचं पत्तेवाटप बंदच ठेवा, आणि शाळेच्या राऊटरहून आलेली वायर त्याच्या लॅनच्या (खोलीतले कम्प्युटर जोडायच्या) भोकात टाका. बाजूच्या वर्गात वायफाय पोचेल. हे पत्तेवाटप बंद करायचं विसरलात तर दोन कारकून एकाच गावात पत्ते वाटायला लागतात आणि अर्धे कम्प्युटर भलत्याच दाराशी जाऊन उभे राहतात. माझ्याकडून हे झालंय.

या वाटेचा दोष असा की हात शिकतो, डोकं मागं राहतं. राऊटर बंद-चालू केला की चालतं, हे मला वर्षभर ठाऊक होतं. का चालतं ते ठाऊक नव्हतं. नुसत्या झटापटीनं माणूस दुकानदारच होतो, फक्त फुकटचा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. एमएस-सीआयटी आणि नायलिटचा ८० तासांचा सीसीसी हे कम्प्युटर वापरण्याचे कोर्स आहेत. नेटवर्किंगसाठी त्यांच्याकडे जाऊ नका. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीवर आयआयटी खरगपूरचा नेटवर्कचा बारा आठवड्यांचा कोर्स आहे, शिकणं फुकट आणि परीक्षेला १००० रुपये. उत्तम आहे, पण तो इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी; मी तिसऱ्या आठवड्यात हात टेकले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे छोटे धडे उतरवून ठेवता येतात, त्यांत कोहाची मालिका आहे आणि बऱ्याच विषयांचे धडे मराठीतही आहेत. कोहा बसवायची वेळ येईल तेव्हा तिकडं जा.

एक गोष्ट मात्र यांपैकी कुठंच नीट कळली नाही: वीज. कार्यालय एका इमारतीत आणि ग्रंथालय पटांगणापलीकडं, हे आपल्याकडं नेहमीचं. वायर शंभर मीटरपर्यंत चालते हे सगळे सांगतात. ती उघड्यावरून नेली तर मृगाच्या आधीच्या एका कडकडाटात दोन्ही टोकांची यंत्रं जळू शकतात, हे सांगत नाहीत. आमचा स्विच असाच गेला. दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर टाकू नका. फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साध्या वायरीशी जोडणारे डबे) टाका, काचेतून वीज वाहत नाही. तेवढी ऐपत नसेल तर ग्रंथालयाचं जाळं ग्रंथालयापुरतंच ठेवा.

मी कुणाला काय सांगेन

इंग्रजी वाचायची भीती नसेल तर सिस्कोचा कोर्स आणि जुना राऊटर दोन्ही सोबत घ्या. सकाळी एक धडा, लगेच तोच प्रयोग टेबलावर. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडं उघडतात, त्यामुळं मे महिना मोकळा मिळतो. फक्त अकराच्या आत आटपा, नंतर पत्र्याखाली ना तुम्ही टिकाल ना राऊटर. इंग्रजी जड जात असेल तर राऊटरपासून सुरुवात करा आणि गावात आयटीआय झालेला पोरगा असेल त्याला दोन संध्याकाळी चहाला बोलवा. जॅक लावणं त्याच्याकडून शिका. क्लासचा विचार तिसऱ्या नंबरावर ठेवा.

माझं पारडं राऊटरकडं झुकतं त्याला आणखी एक कारण आहे. मी अर्धवेळ. दीडला घरी जातो, आणि नेट अडीचला बंद पडतं. क्लासला मी एकटा गेलो, कोर्सही एकट्यानं केला. राऊटर टेबलावर मांडला तेव्हा मात्र आठवीतल्या दोन पोरी आपणहून येऊन उभ्या राहिल्या. आता स्विचवर त्यांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे: कुठली वायर कुठं जाते, कुठल्या मशीनचा पत्ता काय, आणि खाली लाल पेनानं, 'मामा, लोंबणारी वायर खोचू नका.'