खारे शेंगदाणे सायकलस्वाराच्या खिशात: सपाटीला उत्तम, यवतेश्वरला अपुरे

लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचं खाणं सांभाळून सायकलवर लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्याला साताऱ्यात महागडे एनर्जी बार शोधत बसायची गरज नाही. भट्टीवरचे ताजे खारे शेंगदाणे पुरतात. फक्त त्यांच्याकडून कुठलं काम होतं आणि कुठलं होत नाही, हे आधी कळायला हवं.

100 ग्रॅम दाण्यांत साधारण 565 किलोकॅलरी, 49 ग्रॅम स्निग्धांश, 25 ग्रॅम प्रथिनं आणि 16 ग्रॅम कर्बोदकं असतात. त्या 16 मधले निम्मे तर तंतूच. तासाला 30 ग्रॅम, म्हणजे छोटी मूठभर खाल्ले तर अंगी लागणारी कर्बोदकं अडीच ग्रॅमच्या आतच. कोरेगावच्या दिशेला, सपाट रस्त्यावर, बोलता येईल अशा वेगाने चालवताना बाकीची बहुतेक ऊर्जा अंगातली चरबी पुरवते. मात्र भुकेची वाट पाहू नका. स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतात, म्हणून पहिली मूठ पाऊण तासातच तोंडात टाकायची.

दोष दोन. सालं घशाला चिकटतात आणि धाप लागलेली असताना दाणा चावला तर हमखास ठसका लागतो. त्यावर उपाय कुटाच्या गोळ्यांचा: 100 ग्रॅम सालं काढलेल्या दाण्यांचं कूट (इथे बिनमिठाचे दाणे घ्या), 50 ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, 30 ग्रॅम तूप, अर्धा चमचा मीठ. याचे 12 गोळे होतात. प्रत्येकी शंभरेक किलोकॅलरी, अंगी लागणारी कर्बोदकं जेमतेम एक ग्रॅम. तासाला दोन पुरे. एप्रिल-मेच्या उन्हात जर्सीच्या खिशात तूप वितळून गोळा फुटतो. तेव्हा तूप निम्मं करा आणि छोट्या डबीत भरा.

दुसरा दोष मोठा, आणि बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. दाणे खारे असले तरी तेवढं मीठ पुरत नाही. कर्बोदकं कमी केली की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. वर घाम असतोच. डोकं जड होणं, उठताना अंधारी येणं, पाय गळाल्यासारखे वाटणं याला लोक ‘कार्ब कमी पडले’ म्हणतात, पण बऱ्याचदा कमी पडलेलं असतं ते मीठ. अर्धा लिटर पातळ ताकात पाव चमचा मीठ घातलं की साधारण 575 मिलिग्रॅम सोडियम मिळतं. ताकाची बाटली पहिल्या तासातच संपवा, उन्हात ते आंबतं. पुढच्या बाटल्यांत लिंबू-मीठ-पाणी, साखर न घालता.

आता घाट. एक लिटर ऑक्सिजनमागे चरबीतून सुमारे 4.7 किलोकॅलरी निघतात, कर्बोदकांतून 5 च्या वर. फरक छोटा दिसतो, पण कास पठाराकडे निघून वाटेतल्या यवतेश्वरच्या चढाला श्वास अपुरा पडायला लागला की तोच नडतो. तिथे दाणे कितीही खा, उपयोग नाही. उलट पोट जड होऊन मळमळतं. चढाआधी अर्धा तास दोन कंदी पेढे खावेत, हे आमचं स्पष्ट मत. खव्यामुळे त्यातली साखर जरा उशिरा लागू होते, म्हणून ऐन चढावर नव्हे, आधी. जोर लावायच्या दिवशी एवढ्या साखरेने सराव बिघडत नाही.

शरीराला या खाण्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर पाय जड राहणारच. 200 किमीच्या ब्रेव्हेला (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तासांची मुदत असते, तिथे हा प्रयोग पहिल्यांदा करू नका. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच नको.

मसाला शेंगदाणे टाळा, त्यावर बेसनाचं आवरण असतं. चिक्कीत गूळ भरपूर, तीही नको. खारे दाणे एका वेळी पाव किलोच घ्या आणि घेताना एक चावून पाहा. खवट लागला तर दुसऱ्या भट्टीवर जा.