केवल मूल्य: अंतर समजावं की प्रकार पाडावेत?

|−७| = ७ इथपर्यंत कुठल्याही पद्धतीनं गेलं तरी चालतं. प्रश्न येतो तो केवल मूल्य दाखवणाऱ्या या उभ्या रेघांच्या आत क्ष शिरल्यावर. तिथून दोन वाटा फुटतात. पहिली वाट म्हणते, |क्ष − अ| म्हणजे संख्यारेषेवर क्ष आणि अ यांच्यामधलं अंतर. दुसरी म्हणते, आतली राशी शून्य किंवा धन असेल तर तशीच ठेवा, ऋण असेल तर तिला −१ नं गुणा आणि दोन्ही प्रकार वेगवेगळे सोडवा. ‘ऋण चिन्ह पुसून टाका’ ही तिसरी वाट मी मोजतच नाही. −क्ष चं चिन्ह पुसलं की क्ष उरतो, आणि तो ऋण नसेलच याची खात्री कोण देणार?

मी शिकलो प्रकार पाडून, शिकवताना मात्र अंतरापासून सुरुवात करतो. प्रकारांच्या पद्धतीबद्दल तक्रार करायला तशी जागा कमी आहे. आतली राशी कितीही वेडीवाकडी असो, ती पद्धत अडत नाही. ‘क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष’ हे वाक्य पहिल्यांदा खटकतं, पण दोन-चार संख्या घालून पाहिल्या की ते अंगवळणी पडतं.

मला जे सतत सलत राहिलं ते वेगळंच. प्रकार पाडताना वर एक अट लिहावी लागते, आणि खाली उत्तर येईपर्यंत ती अट डोक्यातून गेलेली असते. |क्ष − ३| = २क्ष हे समीकरण घ्या. पहिल्या प्रकाराची अट क्ष ≥ ३. सोडवलं की क्ष = −३ येतं. आकडेमोडीत काहीही चूक नाही, पण −३ ही संख्या ३ पेक्षा मोठी नाही, म्हणून हे उत्तर बाद. दुसऱ्या प्रकारात क्ष = १ मिळतं, तेच खरं. मी पाहिलेल्या वह्यांमध्ये ‘क्ष = −३ किंवा १’ हे उत्तर इतक्या वेळा आलं की दोष मुलांच्या एकाग्रतेचा नसून मांडणीचा असावा, असं मला वाटू लागलं. अंतराच्या नजरेनं पाहणारा सुरुवातीलाच थबकतो: डावीकडे अंतर आहे, अंतर ऋण नसतं, मग २क्ष ऋण कसं असेल? −३ ला तिथं प्रवेशच मिळत नाही.

याच नजरेचा खरा फायदा असमानतांमध्ये कळतो. |क्ष − ५| < २ म्हणजे ५ पासून दोनच्या आत, म्हणून ३ ते ७ च्या मधलं सगळं. चिन्ह उलटं करून > २ केलं की उत्तराचे दोन सुटे तुकडे का होतात, हेही रेषेवर बोट ठेवून दिसतं; ‘आणि’ कुठे, ‘किंवा’ कुठे हे पाठ करावं लागत नाही. |क्ष − १| = |क्ष − ७| मध्ये दोन्हीकडून सारखं अंतर हवं, म्हणजे मधला बिंदू ४. प्रकार पाडणारा इथे रेषेचे निदान तीन पट्टे आखतो.

आणि |क्ष − २| + |क्ष − ७| = ५ हे तर मुद्दाम करून बघाच. २ आणि ७ मध्येच पाचाचं अंतर आहे, तेव्हा त्यांच्या दरम्यान कुठेही उभं राहिलं तरी बेरीज ५ च भरणार. त्या दोन टोकांसकट मधली प्रत्येक संख्या उत्तर. प्रकारांच्या पद्धतीत मधल्या पट्ट्यात ५ = ५ येतं, क्ष गायब होतो आणि सोडवणारा खोडरबर शोधू लागतो. उजवीकडे ४ असतं तर उत्तरच नाही, ९ असतं तर ० आणि ९. दोन्ही तोंडी.

अंतराची पद्धत लंगडी पडते अशा जागाही आहेत. |क्ष + ४| दिसलं की ते −४ पासूनचं अंतर आहे, हे दर वेळी मनात फिरवून घ्यावं लागतं. |२क्ष − ६| मधून २ बाहेर काढून २|क्ष − ३| करावं लागतं. आत वर्गराशी आली की रेषेवरचं चित्र फारसं बोलत नाही. कलनात तर प्रकारांना पर्यायच नाही: |क्ष| चं संकलन (आलेखाखालचं क्षेत्रफळ) शून्यापाशी तोडावं लागतं, आणि शून्यावर विकलज, म्हणजे आलेखाचा चढ, का नाही हे सांगायला डावीकडचा −१ व उजवीकडचा +१ लिहावाच लागतो.

काही जण |क्ष| = √क्ष² हे सूत्र पुढे करतात. दोन्ही बाजूंना केवल मूल्य असेल तर वर्ग करणं झटपट होतं हे मान्य. पण वरच्या |क्ष − ३| = २क्ष मध्ये वर्ग केला की तीच −३ परत येते.

माझा कल अंतराकडे झुकण्याचं आणखी एक कारण म्हणजे ती कल्पना पुढेही टिकते. आर्गाँ या गणितज्ञानं १८०६ मध्ये संमिश्र संख्या, म्हणजे वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या संख्या, प्रतलावर मांडल्या, तिथे धन-ऋण असा भेदच नाही. प्रकार पाडणार कशाचे? पण वास्तव भाग ३ आणि काल्पनिक भाग ४ असलेल्या संख्येचं केवल मूल्य आरंभबिंदूपासूनचं अंतर म्हणून सरळ ५ येतं. उभ्या रेघांचं चिन्ह वायरश्ट्रास या गणितज्ञानं १८४१ मध्ये वापरलं, आणि सदिशांच्या (लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींच्या) लांबीसाठीही आज तशाच रेघा ओढतात.

अर्थात तुमची परीक्षा तोंडावर असेल आणि पायऱ्यांना गुण असतील, तर बहुधा प्रकारच पाडलेले बरे. फक्त अट वर लिहून सोडू नका. प्रत्येक उत्तराशेजारी ती पुन्हा लिहा आणि मगच पुढच्या प्रकाराला हात घाला. आत्ताच विषयाला सुरुवात करत असाल, तर मात्र आधी रेषा काढा.