पायटाइमपार्स: छोटी लायब्ररी, काम चोख, पण एक कोपरा धोक्याचा

कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये वेळ म्हणून ६०४८०० सेकंद असा आकडा दिसला की माझं डोकं फिरतं, अरे बाबा एक आठवडा असं सरळ लिही ना, पुढच्या माणसाने कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं का. गंमत म्हणजे पायथन भाषेचा स्वतःचा टाइमडेल्टा (कालावधी साठवायचा प्रकार) प्रिंट केला की "२ डेज, ४:१३:०२" असं छान माणसाला कळेल असं लिहून देतो, पण तेच स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) परत त्याच्या हातात दिलं तर त्याला वाचता येत नाही, तशी सोयच दिलेली नाही. ती उणीव पायटाइमपार्स ही पायथनची लायब्ररी भरून काढते. पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) टाकायची, सोबत दुसरं काही ओढून आणत नाही, एकच फंक्शन, स्ट्रिंग द्या सेकंद घ्या.

आणि घेते काय काय! "२एच३२एम" दिलं की ९१२०. "५ अवर्स, ३४ मिनिट्स, ५६ सेकंड्स" असं स्वल्पविरामासकट दिलं तरी २००९६. वरचं ते टाइमडेल्टावालं दिलं की १८७९८२. मध्ये स्पेस द्या नका देऊ, एचआर लिहा एचआरएस लिहा, "५.६ वीक्स" लिहा, कुरकुर नाही. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

आता कोलनचं प्रकरण. "४:१३" दिलं की ही बाई ४ मिनिटं १३ सेकंद धरते, म्हणजे २५३. गाण्याची लांबी असेल तर बरोबरच आहे. पण टाइमशीटच्या फॉर्ममध्ये "१:३०" लिहिणाऱ्याला दीड तास म्हणायचं असतं आणि त्याच्या खात्यात ९० सेकंद जमा होतात! त्यासाठी ग्रॅन्युलॅरिटी नावाचं ऑप्शन आहे, त्यात मिनिट्स दिलं की ५४०० येतात, पण ते माहीत असायला पाहिजे आणि फॉर्मनुसार आठवणीने द्यायला पाहिजे.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. न समजलेलं स्ट्रिंग दिलं की ही लायब्ररी एरर देत नाही, गपचूप नन (पायथनमधलं "काहीच नाही") देते. "३०एम १एच" असं उलट्या क्रमाने लिहा, नन, कारण तिला मोठं युनिट आधी लागतं. आता हा नन पुढे कुठे जातो बघा. रिक्वेस्ट्स या वेबवरून माहिती मागवायच्या लायब्ररीत टाइमआउट (थांबायची मर्यादा) नन म्हणजे काय, तर उत्तर येईपर्यंत कितीही वेळ थांब. दुसरे प्रोग्राम चालवणाऱ्या सबप्रोसेसमध्येही तेच, नन म्हणजे मर्यादाच नाही. म्हणजे कॉन्फिगमध्ये कोणी टायपो केला की टाइमआउट चुकीचा होत नाही, टाइमआउट गायबच होतो, आणि लॉगमध्ये एक ओळ नाही. बरं मग नन तपासायला "इफ नॉट" लावलं तर "०एस" चा खरा शून्यही त्यात अडकतो, म्हणून "इज नन" असंच तपासा. दोन ओळींचं स्वतःचं फंक्शन करा, नन आला की व्हॅल्यूएरर (चुकीच्या व्हॅल्यूची एरर) फेका, आणि सगळीकडे तेच वापरा. अशा कामाच्या लायब्ररीने मला समजलं नाही हे ओरडून सांगायला पाहिजे, एवढं साधं आहे.

या बाबतीत गो भाषेचं हेच काम करणारं पार्सड्युरेशन मला जास्त आवडतं, खडूस आहे पण खरं बोलतं. नुसतं "३०" दिलं तर युनिट कुठंय म्हणून एरर. दिवस हे युनिट तर मुद्दाम ठेवलेलंच नाही, कारण जिथे घड्याळं पुढेमागे करतात तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो. आपल्याकडे तो प्रश्न नाही, पण मग तीस दिवसांसाठी सगळे ७२० तास लिहीत बसतात ते वेगळं. उलट टोक बघायचं असेल तर नोडमध्ये (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये) जेएसओएन वेब टोकनची, म्हणजे लॉगिनच्या डिजिटल पासची, लायब्ररी आहे, तिथे एक्सपायरीला १२० हा नंबर दिला तर सेकंद, आणि तेच "१२०" स्ट्रिंग म्हणून दिलं तर मिलिसेकंद. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, मान्य, पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून) येतं ते सगळं स्ट्रिंगच असतं हो.

महिने आणि वर्षं पायटाइमपार्समध्ये नाहीत आणि ते बरंच आहे असं माझं मत. कारण महिना म्हणजे किती सेकंद यावर कोणाचं एकमत नाही, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ३० दिवस धरतो, लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणारं सिस्टमडी ३०.४४, पोस्टग्रेस डेटाबेसला एका महिन्याचे सेकंद विचारा तर ३० दिवसांचे सांगतं आणि बारा महिने एकत्र विचारले तर ३६५.२५ दिवसांचे! एक मात्र ध्यानात ठेवा, इथे कॅपिटल एम पण मिनिटच आहे. एनजिनएक्स किंवा सिस्टमडीच्या फाइलमधून "३एम" कॅपिटलमध्ये उचलून इथे चिकटवलंत तर तीन महिन्यांचे १८० सेकंद होतील आणि कोणी हूं की चूं करणार नाही.

एक सुखद धक्का, देवनागरी आकडे चालतात. पायथन ३ देवनागरी पाचालाही आकडाच मानतो, त्यामुळे पुढे इंग्रजी एचआर लावलं की १८००० मिळतात. "तास" अर्थातच कळत नाही. मराठी युजरकडून वेळ टाइप करून घ्यायची असेल तर आधी स्वतःचं टेबल ठेवावं लागतं: पाऊण तास २७००, सव्वा तास ४५००, दीड ५४००, अडीच ९०००. इथपर्यंत सोपं, पुढे साडे, सव्वा, पावणे आकड्याला चिकटून येतात, साडेतीन म्हणजे अर्धा मिळवायचा, पावणेदोन म्हणजे पाव वजा करायचा (६३००), आणि लोक "पावणे दोन" असं तोडूनही लिहितात.

१.१.८ हे व्हर्जन २०१८ चं आहे, त्यानंतर हालचाल नाही, पण एवढ्याशा कामाला अजून काय हालचाल पाहिजे. महिने-वर्षं हवीच असतील तर पायटाइमपार्स२ नावाचा फोर्क (याच कोडवरून काढलेली वेगळी लायब्ररी) आहे, तिथे महिना किती दिवसांचा धरलाय ते आधी बघून घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, दीड मार्क त्या ननचे कापले.