मेट्रोनोम की दोरीवरचे लंबक?

कोल्हापुरातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात 'दोलनं एकमेकांवर परिणाम करतात' हे दाखवायचं तर हे दोन पर्याय: दोरीवरचे लंबक किंवा मेट्रोनोम, म्हणजे संगीताच्या सरावासाठी टक-टक ठोके देणारं यंत्र.

दोरीचे लंबक स्वस्त. उद्यमनगरातून सारख्या वजनाचे दोन लोखंडी नट (बोल्टवर बसवायचे) आणा. दोन खुर्च्यांमध्ये किंचित सैल दोरी बांधा, तिच्यावर 30 सेंमी अंतराने 50 सेंमीचे लंबक टांगा. एकच लंबक दोरीशी काटकोनात ओढून सोडा. तो हळूहळू थांबतो, दुसरा झुलू लागतो, मग पुन्हा उलट. लांबीत सेंटिमीटरभर फरक पडला तरी देवाणघेवाण अर्धवट राहते. दोरी फार ताणली तर बराच वेळ वाट बघावी लागते. पण याला एकतालता, म्हणजे आपोआप एका तालात येणं, म्हणू नका! इथे ऊर्जा नुसती फिरते, बाहेरून येत नाही, म्हणून थोड्या वेळात सगळं थंडावतं.

एकतालता हवी तर चावीचे मेट्रोनोमच. चावी दिलेली स्प्रिंग प्रत्येक झोक्याला धक्का देते, म्हणून झोके मरत नाहीत. दोन्ही मिनिटाला 208 ठोक्यांवर लावा, हलक्या फळीवर ठेवा, फळीखाली शीतपेयाचे दोन रिकामे कॅन आडवे, समांतर. फळी डावी-उजवी सरकली पाहिजे. तेच त्यांचं बोलणं. वेगवेगळ्या वेळी सोडलेले ठोके बहुधा मिनिटभरात एक होतात. जड फळी, चेपलेला कॅन किंवा उतरतं टेबल असेल तर होत नाहीत. 1665 मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सला एकाच आधारावरची लंबकाची घड्याळं मात्र उलट दिशेने जुळलेली दिसली होती.

खर्च परवडत असेल तर मेट्रोनोम. 'टक-टक'ची 'टक' झालेली लांबूनही ऐकू येते.